आभाळावर आळ

गेल्या आषाढात बेळगावी पावसाने आठवडाभर उसंत घेतली नाही. एकादशी तीन दिवसांवर आली आणि आमच्या घरातील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ ही अक्षरे उमटली. मातोश्रींचे वय ८२. वारी पायांनी घडेनाशी झाल्यापासून पंढरीची महापूजा त्या सह्याद्री वाहिनीवरच पाहतात. ‘पाऊस ओसरला की दिसेल,’ असे आम्ही त्यांना मोठ्या अधिकाराने सांगितले.

पाऊस ओसरला, चित्र मात्र परतले नाही. एका दुरुस्तीवाल्याने नवा सेट-टॉप बॉक्स घेण्याचा सल्ला दिला. आम्ही पैसे मोजण्याच्या बेतात असतानाच आमचा एक जुना विद्यार्थी आला. तो म्हणाला, “गुरुजी, पावसाने गेलेलं चित्र उघडीप होताच काही मिनिटांत येतं. आधी वायर बघू.”

वाचकहो, ही वायर साधी नव्हे. मध्ये बोटभर नव्हे, अवघी एक मिलिमीटर जाडीची तार. तिच्याभोवती पांढरा फेस, त्यावर चंदेरी वर्ख व धातूची जाळी आणि सर्वांवर काळे आवरण. डिशच्या तोंडाशी असलेला एलएनबी उपग्रहाच्या लहरी ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत उतरवून याच वाटेने खाली धाडतो. आणि त्याला लागणारी १३ वा १८ व्होल्टची वीजही बॉक्सकडून याच वाटेने वर जाते. वाट बिघडली की वरचा उपाशी आणि खालचा आंधळा!

त्याने प्रथम बॉक्सचा प्लग काढला. उघडीप पाहून गच्चीवर गेला आणि नव्या वायरीचा तुकडा डिशपासून खिडकीवाटे थेट बॉक्सला जोडला. बॉक्स सुरू करताच चित्र आले! डिश निर्दोष, बॉक्सही निर्दोष. गुन्हेगार जुनी वायर.

मग त्याने ती हातांनी चाचपत नेली. कठड्याच्या कोपऱ्यावर काळ्या चिकटपट्टीचे वेटोळे होते. ते सोडवताच आत पाणी. जाळीची पांढरी भुकटी झालेली, मधली तार हिरवट पडलेली. “हे कुणी केलं, गुरुजी?” त्याने विचारले. आम्ही गप्प राहिलो. तीन वर्षांपूर्वी खारीने कुरतडलेली ती वायर पिळून, पट्टी गुंडाळून आम्हीच ‘दुरुस्त’ केली होती. पिळलेल्या सांध्यावर लहरींचा काही भाग माघारी फिरतो आणि शिरलेले पाणी जाळीतून दूरवर झिरपते, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते.

त्याने सांध्याविना अखंड नवी वायर ओढली. टोकाच्या जोडणीत जाळीचा एकही धागा मधल्या तारेस लागू दिला नाही. बाहेरची जोडणी जलरोधक पट्टीने झाकली. कोपऱ्यावर तीव्र मोड टाळला. भिंतीत शिरण्यापूर्वी वायरीस खाली झोळ दिला, म्हणजे थेंब तेथेच गळून पडतात. ‘पावसात वा विजा चमकताना गच्चीवर चढू नका,’ असेही बजावले.

एकादशीच्या पहाटे मातोश्रींनी महापूजा पाहिली. पट्टीची हकीगत आम्ही त्यांना नंतर सांगितली.

त्या एवढेच म्हणाल्या, “आणि तीन दिवस त्या पावसाला बोल लावत होतास होय रे?”