क्रुसाला खांदा

गुड फ्रायडेच्या उपासनेत आपण ऐकतो, की ख्रिस्ताने आपल्या पापांचे ऋण फेडले. उमेदीची वर्षे बँकेत घालवलेल्या माझ्यासारख्याला या भाषेतला धोका चटकन जाणवतो. कर्ज फिटले की खाते बंद होते आणि कर्जदार निर्धास्त घरी जातो. ख्रिस्ताच्या दुःखसहनाकडेही आपण असेच मिटलेले खाते म्हणून पाहू लागलो आहोत काय?

शुभवर्तमानात कुरेनेकर शिमोन भेटतो. शेतावरून येणाऱ्या या वाटसरूला धरून शिपायांनी ख्रिस्ताचा क्रूस वाहायला लावला. तारणाऱ्यालाही खांदा लागला!

पंडिता रमाबाईंना मात्र कोणी धरून नेले नव्हते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आपणहून मध्य प्रांतात गेल्या. उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली आणि विधवांना त्यांनी आसरा दिला. केडगावचे मुक्ती मिशन त्यातूनच उभे राहिले.

आजही क्रूस दूर नाही. अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्यापाशी तो आहे. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या घरात आहे. ख्रिस्ताने आपल्यासाठी सोसले, हे आठवून डोळे भरून येतात. ते पुसून झाल्यावर आपण कोणाच्या दाराशी जातो, यावरच आपली श्रद्धा जोखली जाईल.