उघडी की बंद?

हल्ली आमच्या अमरावतीत माणसं भेटली की हवापाण्यानंतर थेट आतड्यावर येतात. पूर्वी 'पोट साफ आहे ना?' एवढंच विचारायचे. उत्तर काहीही येवो, पुढे चहा यायचा. आता विचारतात, "कोलन हायड्रोथेरपी करायची म्हणतो. उघड्या पद्धतीची बरी की बंद?"

मी बँकेतला कारकून. उघडं-बंद म्हटलं की मला खातं आठवतं. तरी चौकशी केली. उघड्या पद्धतीत पाणी टाकीतून आपल्या वजनानं आत येतं आणि माणूस ते आपलं आपण सोडून देतो. बंद पद्धतीत एका नळीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर, आणि दाबाची कळ यंत्र चालवणाऱ्याच्या हाती! पहिलीत मोकळीक, दुसरीत वास नाही. दिवाणखान्याचे पडदे निवडावेत तशी चर्चा चालते.

माझं म्हणणं असं, की ही निवड म्हणजे कर्ज हवं की नको हे न ठरवताच व्याजदरावर घासाघीस करणं. धुवायचंय काय? म्हणे, वर्षानुवर्षांची घाण चिकटून बसलीय. अहो, आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं, चिकटणार कशाला? मोठं आतडं म्हणजे गटार नव्हे. ते आमच्या हेडकॅशियरसारखं आहे. जाणाऱ्या मालातून पाणी आणि क्षार मोजून परत जमा करून घेतं. तिथे बादल्याच्या बादल्या ओतल्या तर क्षारांचा हिशेब चुकतो. आतडं फाटल्याचीही उदाहरणं आहेत.

हे खूळ जुनंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठावर मोठं आतडंच कापून काढत. अमेरिकेत कॉर्नफ्लेक्सवाले डॉ. केलॉग एनिम्याची यंत्रं चालवत. मळाचं विष अंगात भिनतं ही उपपत्ती पुढे डॉक्टरांनीच मोडीत काढली. आपल्याकडे गांधीजींचाही एनिम्यावर भारी विश्वास. पण त्यांचा मामला डबा, नळी आणि कोमट पाणी एवढ्यावर भागत असे. पॅकेज नव्हतं.

आणि बस्ती? चरकसंहितेत बस्तीला अर्धी चिकित्सा म्हटलंय, कबूल. पण बस्ती कुणाला देऊ नये याची लांबलचक यादीही तिथेच आहे, ती जाहिरातीत येत नाही. काढ्याचा निरूह वेगळा, तेलाचा अनुवासन वेगळा; कुणाला कुठला आणि किती, हे वैद्य माणूस बघून ठरवतो. यंत्रवाले काय बघतात? आमच्या अकोल्याच्या साडूंचं त्यांनी फक्त पाकीट बघितलं.

साडू छप्पन्न वर्षांचे. दोन महिन्यांपासून पोटाचं तंत्र बिघडलेलं, मधूनमधून रक्त पडतं. केंद्रातल्या पोरानं सांगितलं, विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे. वा रे धन्वंतरी! चेकवर सही जुळली नाही तर आम्ही दहा रुपयेसुद्धा देत नाही, आणि इथे रक्त दिसत असताना पास!

मी फोन केला, आधी डॉक्टरला दाखवा. साडू म्हणाले, "कायले डॉक्टर, भाऊ? घाण निघून राहिली ना! अन् दहावर एक बैठक फुकट हाय."

"फुकटची बैठक घ्यायले शिल्लक राहा लागते ना बाप्पा," मी म्हणालो. मग मात्र फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही.

कदाचित नुसती मूळव्याधच निघेल. पण रक्त कुठून येतं हे पाण्याच्या नळीला दिसत नाही, त्याला दुर्बीण लागते. बुधवारी साडूंची दुर्बिणीची तपासणी आहे. आदल्या रात्री एक औषध पाण्यात कालवून प्यायचं, सकाळपर्यंत आतडं आपसूक लख्ख. ना उघडी पद्धत, ना बंद. पॅकेजचे उरलेले पैसे परत मागण्याचा अर्ज मी लिहून ठेवलाय, तीन प्रतींत. साडूंची सही तेवढी बाकी आहे.