डुलकी लागली म्हणजे आळशी?



दिवाळी सरली, धान घरात आलं, की भंडारा जिल्ह्यात कसले दिवस सुरू होतात, ते मोहाडी तालुक्यातल्या करडीच्या मुलांना सांगायला नको. मंडईचे! आज या गावची मंडई, उद्या शेजारच्या गावची. दिवसा पाळणे, दुकानं, दंडार आणि रात्री नाटक. झाडीपट्टीतलं नाटक म्हणजे दोन तासांचा खेळ नव्हे. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो आणि नाटक संपतं तेव्हा पूर्वेकडे उजाडायला लागलेलं असतं.

मजा येते, नाही का? पण दुसऱ्या दिवशी शाळा असते. तिसऱ्या तासाला डोळे आपोआप मिटतात, मान खाली जाते. वर्ग फिदीफिदी हसतो आणि ‘आळशी कुठला!’ असा शिक्का बसतो. आज या शिक्क्याबद्दलच बोलू या. कारण मंडई वर्षातून एकदाच येते, पण मोबाइल, टीव्ही आणि परीक्षेपायी रोज जागणारी मुलं पुष्कळ आहेत.

तुमच्या बांधावर लाजाळूचं झुडूप असेल. दिवसा त्याची पानं उघडी असतात, रात्री मिटतात. १७२९ साली द मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने असंच एक झाड अंधारात ठेवून पाहिलं. ऊन मिळत नसतानाही पानं वेळेवर उघडत आणि वेळेवर मिटत राहिली! म्हणजे झाडाच्या आतच घड्याळ होतं. असं घड्याळ माशीतही असतं आणि माणसातही. ते पेशीच्या आत कसं चालतं, हे फळमाशीवर शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आपलं मुख्य घड्याळ मेंदूत असतं आणि ते उजेडावर लावलं जातं. अंधार पडला की त्याच्या इशाऱ्यावरून मेलॅटोनिन नावाचं द्रव्य रक्तात येतं आणि शरीराला कळतं, रात्र झाली. आता गंमत ऐका. वयाच्या बारा-तेरा वर्षांनंतर हे घड्याळ मागे पडतं. लहान भाऊ आठ वाजताच पेंगतो आणि ताईला मात्र दहा वाजले तरी झोप येत नाही. सकाळी ताई उठता उठत नाही. हा तिचा आळस नाही, हट्टही नाही. तिचं वयच तसं आहे.

‘पण झोपलं की वेळ वाया जातो ना?’ छे! झोपेत मेंदूचं काम चालूच असतं. झोपेचा एक फेरा साधारण दीड तासाचा. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते आणि उंची वाढवणारं संप्रेरक तेव्हाच भरपूर स्रवतं. पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढते. दिवसभर वाचलेलं, शिकलेलं मेंदू झोपेतच नीट लावून ठेवतो. रात्री दोनपर्यंत पाठांतर करून पाचला उठणारा विद्यार्थी पोत्यात धान भरतो खरा, पण पोत्याचं तोंड शिवतच नाही!

मग झोप हवी तरी किती? डॉक्टर सांगतात, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास. हे मोठ्यांनाही पटू लागलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आदेश काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात तर २०२२ पासून मोठ्या मुलांच्या बहुतेक शाळांनाही साडेआठच्या आधी भरायला कायद्याने मनाई आहे.

पण आपल्याकडे विदर्भात उन्हाळ्याची सकाळची शाळा असतेच. ऊनच तसं, काय करणार? मग हिशेब आपणच करायचा. साडेपाचला उठायचं असेल आणि नऊ तास झोप हवी असेल, तर साडेआठला अंथरुणावर. जमत नसेल तर दुपारी अर्धा तास पडावं. त्यापेक्षा जास्त नको, नाहीतर रात्रीची झोप पळते.

आणखी काही सोप्या गोष्टी. सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ फार बदलू नका. उठल्याबरोबर अंगणात या, उजेडाने घड्याळ बरोबर लागतं. संध्याकाळनंतर चहा नको. दिवसभरात मेंदूत साठत जाणारा झोपेचा निरोप चहा अडवून धरतो. मोबाइल उशाशी नको, दुसऱ्या खोलीत ठेवा. मच्छरदाणी मात्र हवीच. आणि पुरेसं झोपूनही दिवसभर ग्लानी येत असेल किंवा झोपेत जोरजोरात घोरत असाल, तर घरी सांगा, डॉक्टरांना दाखवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मंडईला जरूर जा. त्या दिवशी दुपारी झोप काढून घ्या. पण पहाटे परतताना मोटारसायकल चालवणाऱ्या काकांचे किंवा दादाचे डोळे जड झालेले दिसले, तर गप्प बसू नका. डुलकी तीनच सेकंदांची असते, पण ताशी ६० किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी ५० मीटर जाते. चालवणारा झोपलेला! ‘काका, इथंच जरा पडू, उजाडल्यावर निघू,’ असं बेधडक म्हणा. यात लाज कसली? उशीर झाला तरी चालेल, घरी सगळे पोचले पाहिजेत.

शेवटी एक प्रयोग. वहीत चौदा दिवस तीन रकाने भरा: किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, वर्गात डुलकी आली की नाही. पहिला आठवडा नेहमीसारखा जाऊ द्या, दुसऱ्या आठवड्यात रोज एक तास लवकर झोपा. मग तिसरा रकाना नीट बघा आणि शिक्का कुणावर मारायचा, आळसावर की जागरणावर, ते तुम्हीच ठरवा.

बरं, किती वाजले? नऊ वाजून गेले असतील तर पुढचं पान उद्या वाचा. अंक कुठं पळून जात नाही!