मांडीवरचं बाळ आणि समृद्धीचा वेग

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि वर्ध्याच्या कुटुंबांनाही ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा मिळाली. बाळ मात्र अजून आईच्या मांडीवरच आहे. लहान मुलांच्या सीटचा विषय काढला की इतर पालकांचं उत्तर ठरलेलं: आईच्या हातांपेक्षा सुरक्षित काय? माया खरी, पण हिशेब वेगळा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे २०० किलोंइतका जोर लागतो. तो कुणाच्या हातांना पेलणार? आणि ५० चा वेग वर्धा-सेवाग्राम रस्त्यावरही सहज गाठला जातो, तेव्हा ‘जवळच तर जायचंय’ हेही टिकत नाही.

खर्चाचा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा सीटविना नेल्यास १,००० रुपये दंड आहे. चांगली सीट त्याहून कितीतरी महाग. पण ती नात्यात फिरू शकते, फक्त अपघातातून गेलेली नको. मूल रडतं, हेही खरंच. लसीच्या वेळीही रडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा सीटमुळे बालमृत्यूंचा धोका ६० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. तरीही न पटलेल्या मित्राला दंडाचा धाक घालू नये. मागच्या बाकाच्या फटीत बोट घालून सीट अडकवायची लोखंडी कडी दाखवावी. बऱ्याच नव्या गाड्यांत ती असते, मालकाला ठाऊक नसते इतकंच.