आपत्तीपूर्वीची बेगमी आणि वैद्याचे कर्तव्य



चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थीदशेत अभ्यासला आहे. वायू, उदक, देश व काल हे चार भाव बिघडले असता भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीला बळी पडतात, हे त्यातील सूत्र परीक्षेत हमखास लिहिले जाते. त्या अध्यायाच्या आरंभीचा प्रसंग मात्र बहुधा विस्मरणात जातो. ग्रीष्माचा अखेरचा मास आहे. कांपिल्य नगरीजवळ गंगातीरी वनात फिरताना भगवान पुनर्वसू आत्रेय अग्निवेशास सांगतात की, भूमी नीरस होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेवा. नंतर त्यांत रस, वीर्य, विपाक व प्रभाव उरणार नाहीत. संकट अद्याप आलेले नाही, संग्रह मात्र आजच करावयाचा आहे.

सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्यायाचाही आशय हाच. शोधनापूर्वी सर्व संभार हाताशी हवा, कारण खरेदी-विक्रीची सोय असली तरी ऐन आपत्तीत वस्तू त्वरित व योग्य स्वरूपात मिळणे सोपे नसते. आपण हे तत्त्व औषधालयापुरते पाळतो. रुग्णाच्या घरातील धान्याच्या कणगीलाही ते लागू करणे हे आपले कर्तव्य आहे, असे माझे नम्र प्रतिपादन आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणात धडगावकडील एक आजीबाई ज्वरातून उठलेल्या नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. मी औषध दिले व पथ्य म्हणून मुगाचे कढण, नंतर तूप घालून मऊ भात असे शास्त्रशुद्ध सांगितले. आजी शांतपणे म्हणाल्या, “डाळ दिवाळीला होती, डॉक्टर. आता भाकरी आणि मीठ-मिरची आहे.” माझी चिकित्सा त्या एका वाक्याने अपुरी ठरली. चूक त्यांची नव्हती. घरात काय आहे हे मी विचारलेच नव्हते.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला आपला नंदुरबार जिल्हा दोन भूमींचा आहे. शहादा-तळोद्याकडे केळी, ऊस व पपई, तर अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात ज्वारी, मका, भगर, उडीद, कुळीथ. डोंगरातील खरिपाचे धान्य दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येते. त्यातील बराच भाग उसनवारी फेडण्यात व बाजारात जातो. पुष्कळ कुटुंबे घराला कुलूप लावून गुजरातेत मजुरीला जातात आणि होळीला परततात. ज्येष्ठात कणगीचा तळ दिसू लागतो. पुढे आषाढ ते भाद्रपद हे तीन महिने शेतीचे कष्ट सर्वाधिक, ओढे-नाल्यांमुळे वाटा बंद आणि हातात पैसा नाही. आपले शास्त्र सांगते की वर्षाऋतूत अग्नी मंद व बल क्षीण असते. म्हणजे देहाचे बल आणि घराचे धान्य एकाच वेळी सरते. डोंगरातील घरासाठी आपत्ती म्हणजे केवळ पूर वा भूकंप नव्हे. ती दरवर्षी तिथी ठरवून येते.

यावर कोणी म्हणेल, आता रेशन मिळते, साठवण कशाला? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. या व्यवस्थेचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु हे धान्य मुख्यतः गहू व तांदूळ आहे. रोगातून उठणाऱ्या बालकास किंवा सूतिकेस डाळ, तेल, गूळ लागतो, आणि तो घरातूनच यावा लागतो.

म्हणून बेगमीचा विचार प्रथम डाळीपासून करावा. पाच माणसांच्या घरात माणशी रोज ३० ग्रॅम डाळ धरली, तर शंभर दिवसांस १५ किलो पुरते. उडीद, तूर वा कुळीथ, जे शेतात पिकते त्याचे एक मोठे मडके ‘हे विकायचे नाही’ म्हणून वेगळे ठेवणे, एवढाच हा संकल्प आहे. दिवाळीला स्वस्त विकलेली डाळ आषाढात महाग विकत घेणे, ही गरिबाची सर्वांत मोठी उधळपट्टी आहे. ज्यांना ते जमले नाही त्यांनी होळीला हाती आलेल्या मजुरीतून, लग्नसराईच्या खर्चापूर्वी, हे मडके भरावे. शिवाय एक वर्ष जुने धान्य लघु असते, हेही आपल्याच शास्त्राचे वचन.

मात्र साठवण चुकली तर तीच घातक ठरते. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या आपल्यासारख्याच भिल्लवस्तीच्या जिल्ह्यांत, अवकाळी पावसात भिजून बुरशी लागलेला मका खाल्ल्याने कावीळ व जलोदराची साथ आली. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. तेव्हा दाणा दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवावा, कणगी शेणमातीने लिंपून जमिनीपासून उंच ठेवावी, कडधान्यास राख किंवा एरंडेल लावावे. बुरशीचा दाणा धुऊनही खाऊ नये. किडीसाठी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कदापि ठेवू नयेत. त्यांचा वायू प्राणघातक असतो.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. काटकसर उरलेल्यातून होते. ज्याच्याकडे काही उरतच नाही, त्याला बचतीचा उपदेश करणे ही क्रूरता आहे. उपकल्पनीय अध्याय राजा व धनवानांसाठी संभाराची लांबलचक यादी देतो, परंतु शेवटी हेही बजावतो की सर्वांपाशी सर्व साधने नसतात आणि दारुण रोग दरिद्र्यालाही सोडत नाहीत. अशा घरी आपले काम उपदेशाचे नसून शिधापत्रिका, अंगणवाडी व शासकीय योजनांपर्यंत त्यांचा हात पोहोचविण्याचे आहे, आणि घरात जे आहे त्यातूनच पथ्य रचण्याचे आहे.

त्या श्रावणापासून मी रुग्णपत्रिकेवर अग्नी व कोष्ठ यांच्या खाली एक ओळ वाढविली आहे: ‘घरात धान्य किती दिवसांचे? डाळ किती दिवसांची?’ उत्तराप्रमाणे पथ्य बदलते, कधी औषधाची मात्राही. आपल्या संघटनेच्या प्रत्येक सदस्याने ही ओळ स्वीकारावी, आणि आपली आरोग्य शिबिरे आषाढात साथ आल्यावर न भरवता दिवाळीनंतरच्या व होळीच्या बाजारांत भरवावीत, अशी माझी विनंती आहे. आत्रेयांनी ग्रीष्मातच शिष्यांना कामाला लावले होते. आपणही पावसाची वाट पाहू नये.

इत्यलम्।