न विचारलेला प्रश्न

नोव्हेंबर महिना उजाडला की बँकेच्या शाखांमधील वातावरण पालटते. हयातीचा दाखला देण्यासाठी आलेल्या ज्येष्ठांनी बाके भरून जातात. कोणी काठी टेकीत येतात, कोणी नातवाचा हात धरून. चौकशा होतात, जुन्या ओळखी निघतात आणि दुपारपर्यंत टेबलावर सह्या झालेल्या अर्जांचा ढीग साठतो. या अर्जाचा एक भाग सर्वांना ठाऊक असतो. अर्जदार जिवंत आहे, एवढे तो सांगतो. दुसरा भाग मात्र क्वचितच कोणी वाचतो. आपण पुन्हा नोकरी स्वीकारलेली नाही, विवाह वा पुनर्विवाह केलेला नाही, स्वतःची उपजीविका कमावीत नाही, अशी विधाने त्यात असतात. या दुसऱ्या भागाविषयी मला काही सांगावयाचे आहे.

जबलपूरच्या शाखेत मी निवृत्तिवेतनाचे काम पाहत असतानाची, नोव्हेंबर २०२३ मधील ही गोष्ट. पिढ्यान्‌पिढ्या तेथे स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबातील चाळिशी ओलांडलेल्या अविवाहित ताई आल्या होत्या. वडील रेल्वेत होते. त्यांच्या आणि नंतर आईच्या निधनानंतर कुटुंब निवृत्तिवेतन ताईंना मंजूर झाले होते. मूळ रक्कम ९,००० रुपये, त्यावर महागाई वाढ. अर्ज भरून झाला आणि परमुलखात मराठी माणूस भेटल्याच्या आनंदात मी सहज विचारले, "ताई, सध्या काही काम करता का?"

त्या क्षणभर थांबल्या. "आता नाही. जानेवारी ते जून एका रुग्णालयात नोंदणीचं काम केलं. तिथली बाई रजेवर होती, तिच्या जागी. चौदा हजार देत होते."

मी पेन खाली ठेवले. केंद्र शासनाच्या नियमांनुसार अविवाहित, विधवा वा घटस्फोटित कन्येचे कुटुंब निवृत्तिवेतन ती उपजीविका कमावू लागेपर्यंतच चालते. मासिक उत्पन्न ९,००० रुपये अधिक त्यावरील महागाई वाढ, या मर्यादेला पोहोचले की ती कमावती मानली जाते. जानेवारी २०२३ पासून महागाई वाढ ४२ टक्के होती. म्हणजे मर्यादा १२,७८० रुपये आणि ताईंचा पगार १४,००० रुपये. सहा महिन्यांचे निवृत्तिवेतन, एकूण ७६,६८० रुपये, त्यांच्या खात्यात जादा जमा झाले होते. सरकारी भाषेत याला 'अतिप्रदान' म्हणतात. सहा महिने राबून त्यांनी मिळविले होते ८४,००० रुपये. परतफेड केल्यावर त्या श्रमांचे हाती उरणार होते ७,३२० रुपये.

हिशेब ऐकून ताईंनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे मी चोरी केली का?"

उत्तर देण्यापूर्वी मी त्यांचा मे महिन्यातील अर्ज काढला. आपण कमावीत नसल्याच्या विधानाखाली त्यांची सही होती. अर्ज इंग्रजीत होता आणि सही कुठे करावयाची हे दाखविणारी पेन्सिलची फुली माझ्याच हातची होती. त्या दिवशी रांग मोठी होती. "इथे सही करा" एवढेच मी म्हटले असणार. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यातही शोधता येते. अतिप्रदानाच्या वसुलीबाबत न्यायालयांनी एक भेद सातत्याने जपला आहे. चूक कार्यालयाची आणि घेणारा निर्दोष असेल, तर वसुलीस मर्यादा पडते. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये वसुली करू नये असे काही प्रसंग सांगितले. तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचारी, निवृत्त झालेले वा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांहून अधिक काळ चाललेले जादा प्रदान यांचा त्यांत समावेश आहे. मे २०२२ मध्ये केरळमधील एका निवृत्त शिक्षकाच्या प्रकरणात याच न्यायालयाने सांगितले की, ही सवलत हक्क म्हणून नव्हे, तर न्यायबुद्धीने, ओढवणारा त्रास टाळण्यासाठी दिली जाते. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका अतिवृद्ध निवृत्तिवेतनधारकाच्या खात्यातून सार्वजनिक क्षेत्रातील बँकेने केलेली वसुली रद्द ठरविली. आपल्या क्षेत्राने त्या निर्णयापासून बोध घ्यावा, असे मला वाटते.

मात्र या निर्णयांमागे एक गृहीत आहे. घेणाऱ्याने दिशाभूल केलेली नाही, माहिती दडविलेली नाही. ज्याने उत्पन्न कळविले नाही आणि 'कमावीत नाही' या विधानाखाली सही केली, त्याला हे छत्र मिळणे अवघड होते. शिवाय निवृत्तिवेतन सुरू होताना जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र बँक लिहून घेते. असे हमीपत्र देणारा त्यास बांधील राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये एका न्यायिक अधिकाऱ्याच्या प्रकरणात म्हटले आहे. तेव्हा ताईंना मी सांगितले की ही चोरी नाही, परंतु पैसे परत करावे लागतील. आणि आज स्वतःहून सांगितलेत म्हणून हा हिशेबाचा प्रश्न आहे. दोन वर्षांनी दुसऱ्याने उघडकीस आणले असते, तर तो आरोप झाला असता.

लोक सांगत का नाहीत, हेही समजून घेतले पाहिजे. लोभ हे कारण फार थोड्यांचे असते. बहुतेकांना भय वाटते. हंगामी काम चार-सहा महिन्यांत संपते, पण एकदा थांबलेले निवृत्तिवेतन पुन्हा सुरू होईल का, ही धास्ती मोठी असते. त्यात नियमाची रचनाच अशी की, ताईंनी दरमहा १२,७०० रुपये मिळविले असते तर निवृत्तिवेतन अबाधित राहून महिन्याला २५,४८० रुपये हाती आले असते. १४,००० मिळविल्याने केवळ १४,०००च त्यांचे ठरले. तेराशे रुपये अधिक कमावण्याची किंमत १२,७८० रुपये! मर्यादेपलीकडील उत्पन्नाच्या प्रमाणात निवृत्तिवेतन कमी करावे आणि हंगामी कामाचा वेगळा विचार व्हावा, असे माझे वैयक्तिक मत आहे. परंतु नियम आहे तोवर तो पाळणे आपले कर्तव्य आहे, आणि तो समजावून सांगणे हेही.

ज्यांच्यावर असा प्रसंग येईल, त्यांच्यासाठी काही सूचना. पहिली गोष्ट, बँकेचे पत्र आले तर ते बाजूला ठेवू नये. महिनानिहाय तपशील लेखी मागावा; कोणत्या महिन्यात किती निवृत्तिवेतन दिले आणि त्या महिन्याची उत्पन्नमर्यादा किती होती, हे त्यात असावे. कामावर रुजू झाल्याचे व काम संपल्याचे पत्र आणि पगाराच्या पावत्या सोबत न्याव्यात. काम संपल्याची तारीख कागदावर नसेल, तर न केलेल्या कामाचे महिनेही वसुलीत येण्याचा धोका असतो. एकरकमी परतफेड शक्य नसल्यास हप्त्यांसाठी लेखी विनंती करावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या १९९१च्या परिपत्रकात मासिक हप्ता निवृत्तिवेतनाच्या एक तृतीयांशाइतका ठेवण्याची पद्धत होती. जानेवारी २०२१ मध्ये ते मागे घेण्यात आले आणि वसुलीच्या पद्धतीबाबत निवृत्तिवेतन मंजूर करणाऱ्या कार्यालयाचे मार्गदर्शन घेण्यास बँकांना सांगण्यात आले. म्हणून विनंतीत त्या कार्यालयाचाही उल्लेख असावा.

अनाठायी भीतीही बाळगू नये. मृत कर्मचाऱ्याच्या पत्नीस वा पतीस मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनाला स्वतःच्या कमाईची ही अट सामान्यतः नसते. शिकवण्या घेणाऱ्या, डबे पुरविणाऱ्या कित्येक विधवा भगिनी उगाच धास्तावलेल्या मी पाहिल्या आहेत. उलट, स्वतः निवृत्त झालेल्यांनी शासकीय वा निमशासकीय संस्थेत पुन्हा नोकरी धरली, तर काही अपवाद वगळता निवृत्तिवेतनावरील महागाई वाढ त्या काळापुरती थांबते. हे ठाऊक नसल्याने अनेक जण अडचणीत येतात.

आता थोडे आपल्या सहकाऱ्यांसाठी. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' व्यवस्थेमुळे हयातीचा दाखला घरबसल्या देता येऊ लागला, ही मोठी सोय झाली. पुनर्नियुक्ती आणि पुनर्विवाह यांविषयीचे प्रश्न त्यातही आहेत. पण वृद्धाच्या वतीने दुसराच कोणी भराभर उत्तरे नोंदवितो, तेव्हा पूर्वीची पेन्सिलची फुली पडद्यावर जाते एवढेच. यावर उपाय साधा आहे. सही घेण्यापूर्वी अर्जदाराच्या भाषेत एक प्रश्न विचारावा, "गेल्या वर्षभरात कुठे, थोडे दिवस का होईना, काम केलेत का?" आणि दर जानेवारी व जुलैपासूनची महागाई वाढ जाहीर झाली की त्यानुसार बदललेली उत्पन्नमर्यादा रुपयांत, स्थानिक भाषेत, शाखेच्या फलकावर लिहावी. नियमातील टक्केवारीवरून तो आकडा काढण्याचे काम वृद्ध ग्राहकाचे नाही. याला फार तर दोन मिनिटे लागतात. ती न दिल्याने पुढे पत्रव्यवहारात महिने जातात, आणि चूक बँकेची ठरल्यास रक्कम शासनाला भरून देण्याची जबाबदारीही बँकेवर येते.

ताईंनी त्याच दिवशी स्वतःच्या हाताने मराठीत अर्ज लिहिला. आम्ही त्याचा अनुवाद जोडून तो संबंधित कार्यालयाकडे पाठविला. अर्जासोबत मी एक टिपण जोडले. मे महिन्यातील प्रमाणपत्रावर सही घेताना त्यातील मजकूर अर्जदारास समजावून सांगितला गेला नव्हता आणि सही घेणारी अधिकारी मीच होते, असे त्यात लिहिले. ते लिहिताना हात थबकला, हे कबूल करते. पण प्रामाणिकपणाची अपेक्षा काउंटरच्या एकाच बाजूकडून करता येत नाही.

हप्त्यांची त्यांची विनंती मान्य झाली. दरमहा २,००० रुपये, म्हणजे तीन वर्षांहून थोडा अधिक काळ. निवृत्तिवेतनाच्या पुढील पात्रतेचा निर्णय बँकेच्या हाती नाही, तो मंजुरी देणाऱ्या कार्यालयाचा आहे. माझी बदली होईपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ताई येत, पैसे भरीत आणि पावती घडी करून पाकिटात ठेवीत. एकदा त्यांच्या शेजारच्या वृद्ध बाई सोबत होत्या. अर्जावर सही करण्यासाठी त्यांनी पेन उचलले तेव्हा ताईंनी त्यांचा हात धरला आणि मला म्हणाल्या, "आधी हिला वाचून दाखवा."