प्राचीन उष्णकाळाची साक्ष आणि ठाणें-कल्याणचीं भातशेतें

हवामान पालटत आहे काय, आणि पालटत असल्यास शेतकऱ्यानें काय करावें, या प्रश्नावर आपल्या जिल्ह्यांत सांप्रत दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, पाऊस हा पूर्वींपासूनच लहरी आहे. संगणकावर आंकडे मांडून पुढील पन्नास वर्षांचें भविष्य सांगणें म्हणजे नव्या धर्तीचें पंचांगच होय. दुसरा पक्ष त्या आंकड्यांपुढें मान तुकवून आपल्या गांवीं २०५० सालीं किती मिलिमीटर पाऊस पडेल हेंसुद्धां त्यांतून वाचूं पाहतो. आमच्या मतें दोन्ही पक्ष एक गोष्ट विसरतात. कोणत्याही गणितावर किती विश्वास ठेवावा हें गणित करणाऱ्याच्या प्रतिष्ठेवरून ठरत नाहीं. ज्याचें उत्तर आधींच ठाऊक आहे असें उदाहरण त्यास घालून पाहावें लागतें. हवामानाच्या गणितास असें उदाहरण पृथ्वीच्या प्राचीन उष्णकाळांनीं पुरविलें आहे. त्या परीक्षेंत तें कोठें उतरलें व कोठें नाहीं हें समजून घेतल्यास, आपले बांध व बियाणें यांविषयीं काय ठरवावें हें पुष्कळ अंशीं स्पष्ट होईल.

प्रथम, आपला अनुभव एकटा पुरेसा कां नाहीं, हें पाहूं. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पावसाची नोंद आहे. त्याहून मागें जावयाचें तर झाडांचीं वलयें ही निसर्गानें लिहिलेली वही आहे. ठाणें भागांतील सागाच्या वलयांचा तेथील हवामानाशीं काय संबंध लागतो, हें जी. बी. पंत व एच. पी. बोरगावकर या पुण्याच्या संशोधकांनीं तपासून १९८३ सालीं प्रसिद्ध केलें. हीं कामें मोलाचीं आहेत. परंतु या सर्व नोंदी ज्या हवेंत झाल्या ती हवा आजची नव्हे. कारखान्यांच्या युगापूर्वीं हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे, सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक झाले आहेत. दक्षिण ध्रुवाकडील बर्फांत कोंडलेल्या हवेचे बुडबुडे तपासले असतां, गेल्या ८ लाख वर्षांत हें प्रमाण ३०० च्या आसपासच अडलेलें दिसतें. म्हणजे आजोबा-पणजोबांनीं तर नाहींच, मनुष्यजातीनेंही अशी हवा पूर्वीं अनुभवलेली नाहीं. जो रस्ता कोणी चाललेला नाहीं त्याच्या खांचखळग्यांची माहिती केवळ वडिलांच्या सांगण्यावरून कशी मिळणार?

यास्तव गणिताकडे वळावें लागतें. तें होतें तरी कसें? उतारावर खाचरें एकाखालीं एक असतात. वरच्या खाचरांतून किती पाणी उतरलें, किती मुरलें, किती उन्हानें उडालें व खालच्यांत किती गेलें, हा हिशोब प्रत्येक खाचराचा वेगळा, आणि तरीही शेजारच्याशीं जोडलेला असतो. संगणकावरील प्रतिमान, ज्यास मॉडेल म्हणतात, तें याच तऱ्हेनें सबंध पृथ्वीचें वातावरण व समुद्र चौकोनांत विभागतें. आणि प्रत्येक चौकोनांत ऊन किती आलें, उष्णता किती बाहेर गेली, वाफ किती झाली, वारा कोणीकडे वाहिला, याचा हिशोब पदार्थविज्ञानाच्या नियमांनीं घडोघडीं मांडतें. पुण्यास १९६२ सालीं स्थापन झालेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें असें एक प्रतिमान सिद्ध केलें असून, आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०२१ सालच्या अहवालास जीं गणितें आधारभूत झालीं त्यांत त्याचा समावेश होता.

यांत मोठी अडचण ढगांची आहे. ढग हा चौकोनाहून पुष्कळ लहान असतो. त्यामुळें त्याचा हिशोब कांहीं अंशीं अंदाजानें बसवावा लागतो. हा अंदाज आजच्या हवेशीं जुळवून घेतलेला असतो. उद्यांच्या अधिक उष्ण हवेंतही तो जुळेल याची हमी काय?

येथेंच प्राचीन काळाचें साह्य होतें. सुमारें ३० लाख वर्षांपूर्वीं, ज्यास प्लायोसीन म्हणतात त्या युगांत, हवेंतील कर्बवायु दहा लाखांत ४०० भागांच्या घरांत, म्हणजे जवळजवळ आजच्याइतका होता. समुद्रतळाच्या गाळांत सांपडणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचें पृथक्करण करून त्या काळच्या पाण्याची उष्णता काढतां येते, आणि जुन्या किनाऱ्यांच्या खुणांवरून समुद्राची उंची समजते. हा पुरावा सांगतो कीं, पृथ्वी त्या वेळीं कारखान्यांच्या युगापूर्वींच्या मानानें अडीच ते चार अंश अधिक उष्ण होती आणि समुद्र ५ ते २५ मीटर अधिक उंच होता. त्याहूनही फार मागें, ५ कोटि वर्षांपूर्वींच्या इओसीन युगांत, उष्णता १० ते १८ अंशांनीं अधिक होती.

आतां परीक्षा अशी कीं, त्या काळची हवा, त्या काळचीं खंडें व समुद्र प्रतिमानास द्यावयाचे आणि त्याचें उत्तर दगडांतील पुराव्याशीं ताडून पाहावयाचें. अमेरिकेंतील बोल्डर येथील राष्ट्रीय वातावरण-संशोधन केंद्राच्या एका नव्या प्रतिमानाची अशी परीक्षा जियांग झू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घेतली. तिचा निकाल २०२० सालीं प्रसिद्ध झाला. इओसीन काळाचें गणित करतांना त्या प्रतिमानानें उष्ण कटिबंधांतील जमिनीचें तपमान ५५ अंशांच्याही वर नेलें. इतक्या उष्णतेंत झाडास आपलें अन्न करतां येत नाहीं; आणि तेथें त्या काळीं झाडें होतीं याचे अवशेष तर दगडांत स्पष्ट आहेत! आजच्या हवेचें चित्र चांगलें काढणारें प्रतिमान प्राचीन काळाच्या परीक्षेंत अनुत्तीर्ण झालें, व संशय ढगांच्या हिशोबावर आला. ज्यांस हें ऐकून हसूं येईल त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, ही परीक्षा दुसऱ्या बाजूसही तितकीच कठोर आहे. कर्बवायूनें पृथ्वी फारशी तापत नाहीं, असें जर कोणी मानलें, तर प्लायोसीनची उष्णता त्यास मुळींच समजावून देतां येत नाहीं. दोन्ही टोकें अशीं छाटल्यावर, कर्बवायु दुप्पट झाल्यास पृथ्वी अखेर अडीच ते चार अंशांनीं तापेल, हें २०२१ च्या अहवालांतील अनुमान उरतें.

अशा पुराव्याचा एक मासला आपल्या शेजारींही आहे. कल्याणाहून नेरळमार्गें माथेरानास जाणारा प्रत्येकजण तेथील तांबडी माती पायांस लावून परत येतो. सुमारें ६ कोटि ६० लाख वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडावर उष्ण पावसाच्या दीर्घ काळानें जांभ्याचें तें टोपण चढविलें आहे. सिलिका धुऊन गेली, लोह मागें राहिलें. पण लाव्हा वाहिला तेव्हां हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता व पुढें उत्तरेकडे सरकत आला. तेव्हां हा जांभा कोणत्या हवेचा, हें नुसता दगड सांगूं शकत नाहीं. खंड त्याच्या जुन्या जागीं ठेवून केलेलें गणितही हवें. गणितास दगडाची साक्ष लागते, आणि दगडास गणिताची.

मग या तावून घेतलेल्या गणितावर आपण काय मानावें? तीन गोष्टी निश्चित मानाव्या. उष्णता वाढत आहे. भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० सालच्या अहवालाप्रमाणें देशाचें सरासरी तपमान १९०१ ते २०१८ या काळांत सुमारें ०.७ अंशानें वाढलें. उष्ण हवा अधिक वाफ धरते, म्हणून मोठा पाऊस अधिक मोठा होतो. एक अंश वाढीस सुमारें शेंकडा ७ हें त्याचें प्रमाण आहे. आणि समुद्र चढत आहे; त्याच अहवालांत उत्तर हिंदी महासागराचा चढ १९९३ ते २०१७ या काळांत वर्षास ३.३ मिलिमीटर दिला आहे. प्लायोसीनचा समुद्र उद्यां कल्याणच्या बंदरावर येणार नाहीं. बर्फ वितळण्यास शतकें लागतात. परंतु या वेगानेंही तीस वर्षांत चार इंच होतात, आणि उधाणाच्या रात्रीं खारबांधाचा निकाल चार इंचांतच लागतो.

गांवागांवाच्या पावसाचा आंकडा मात्र या गणितास विचारूं नये. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझास ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि थोड्याच कोसांवरील कुलाब्यास अवघा ७३. ज्या प्रतिमानाचा चौकोन शंभर किलोमीटरांच्या घरांतला, त्याच्या दृष्टीनें सांताक्रूझ, कुलाबा, ठाणें व कल्याण हीं एकच ठिकाण होत. उद्यां पाऊस पडेल कीं नाहीं, हें सांगणारीं प्रतिमानें निराळीं असतात. २०२५ सालीं सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टिमचा चौकोन ६ किलोमीटरांचा आहे. लावणीचा दिवस तिच्या अंदाजावरून पाहावा. बांधाची उंची हवामानाच्या दीर्घ गणितावरून ठरवावी.

यावरून आमचें सांगणें असें. खारभूमीचे बांध व उघाड्या जुन्या उधाणाच्या खुणेवर दुरुस्त करून यापुढें भागणार नाहीं; दुरुस्तीच्या अंदाजपत्रकांतच पुढील तीस वर्षांचा चढ धरला पाहिजे. ज्यांच्या खाचरांत खारें पाणी शिरतें त्यांनीं पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्राच्या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती थोड्या क्षेत्रावर तरी लावून पाहाव्या. सर्व शेत एकाच जातीखालीं न ठेवतां हळवें, निमगरवें व गरवें भात विभागून घ्यावें; पाऊस ओढ धरतो कीं एकदम कोसळतो हें जेव्हां सांगतां येत नाहीं, तेव्हां नुकसान वांटून घेणें हाच विमा.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सखल शेतांचा आहे. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरांत बदलापूर व वांगणी यांमध्यें महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली व सुमारें हजार उतारूंस सोडवावें लागलें, हें सर्वांच्या स्मरणांत आहे. उल्हास व वालधुनी यांच्या कांठचें प्रत्येक खाचर पुराच्या दिवशीं पाण्याचा हौद होतें. त्यावर भराव पडला म्हणजे तेंच पाणी कल्याण-डोंबिवलीच्या वस्तींत शिरतें. मोठा पाऊस अधिक मोठा होणार हें निश्चित असतां हे हौद बुजविणें हा निव्वळ अविचार होय. परंतु शेत विकणाऱ्या शेतकऱ्यास एकट्यास दोष देणें अन्यायाचें आहे. भातानें त्याचा संसार चालत नाहीं म्हणूनच तो विकतो. शहराचा पूर जें शेत आपल्या अंगावर घेतें, त्या शेताच्या मालकास शहरानें दरसाल मोबदला द्यावा, ही मागणी आपल्या संघानें महानगरपालिकांकडे व सरकारकडे ठरावानें करावी. तिला आधार म्हणून गांवोगांव साधें पर्जन्यमापक ठेवून रोजची नोंद सुरू करावी. त्या नोंदीचा खर्च अल्प आहे, आणि पुराच्या दिवशीं कोणत्या शेतानें किती पाणी धरलें याचा वाद पडल्यास तीच आपल्या बाजूची साक्ष होईल.